रस्त्याकडची भिंत

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.

मागच्या येळवशीला सुकन्या आमच्या बागेत आली होती. वर्गातली सगळी टोळीच आणली होती मी लातूरहून. आमच्याकडं या अमावस्येला कुणालाही शेतात बोलावतात. आलेला माणूस अंबिल पितो, भज्जी आणि उंडे खातो, झाडाखाली पसरतो आणि संध्याकाळी निघून जातो. ती मात्र पसरली नाही. पेरूच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत कडब्याची खोपटासारखी कोप उभी केलेली, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडलेले. ती वाकून आत शिरली, गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसली आणि म्हणाली, "ए सत्यम, इथंच राहावं वाटतं रे."

हे वाक्य मी वर्षभर सांभाळलंय.

आज पुन्हा कोप झाली. कॉलेजचं कुणी आलं नाही. कॉलेजच सोडलंय म्हटल्यावर कोण येणार? तिला बोलावलं होतं. "घरी नांदेडला आहे, सॉरी" असं आलं. घरी आहे हे तिनं मला आपण होऊन कळवलं, हे विसरून चालणार नाही.

दिवस कलल्यावर दादा कोपीचा कडबा उपसायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली. ओरडलो, "मोडू नको!"

दादा म्हणाला, "मग बैलांला काय तुला खाऊ घालू व्हय?"

मोडलीच. पण मी ठरवलंय. त्याच जागेवर पक्की खोली बांधणार. एक दार, रस्त्याकडं एक खिडकी. ती येईल तेव्हा म्हणणार, तू बोललीस, मी बांधलं. नुसते बोलणारे लई असतात.


२ जानेवारी, गुरुवार

घरात सांगितलं. शिवकांता वहिनी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. माझ्यापेक्षा थोडीच मोठी आहे, पण चौकशी सासूच्या वरताण.

"खोली कशाला? घर हाय की."

"मला माझी पायजे."

"एकट्याची?"

मी लाजलो नाही. मला राग आला. दोन्हींत फरक आहे.

दादा म्हणजे रविकिरण, माझा मोठा भाऊ. ट्रॅक्टरच्या आवाजानं अर्धा बहिरा झालाय, पण नको ते बरोबर ऐकतो. म्हणाला, "बागंत खोली. आन खोलीत कोन, ते बी सांगून टाक."

अण्णा काहीच बोलले नाहीत. ऑक्टोबरात मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तेव्हाही बापाच्या तोंडून एवढंच निघालं होतं, "हातपाय धू. पहाटं पानी धरायचं हाय." दुसऱ्यांचे बाप ओरडतात, एखादी ठेवून देतात, मग बोलायला लागतात. आमच्याकडं ती सोय नाही.

कॉलेजचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय मिटेल. कॅन्टीनमध्ये एकजण सुकन्याबद्दल घाण बोलला. मी त्याला ताटासकट आडवा केला. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिहून दे. मी म्हणलं, माफी त्यानं मागावी. फार्मसीचं दुसरं वर्ष तिथंच टाकून निघून आलो. तिच्यासाठी एवढं करणारा वर्गात दुसरा कोण आहे?

आल्यावर महिनाभर मी नीट जेवत नव्हतो असं आई सगळ्यांना सांगत फिरते. भूक नव्हती, एवढंच.


५ जानेवारी, रविवार

सुकन्यानं एका दगडी घराच्या रीलला लाईक दिलंय. मातीत बसवलेले ओबडधोबड दगड, वर जाडजूड मातीचं छत, म्हणजे माळवदच, आत गारवा. मी ते तिला पाठवून विचारलं, "असं कसं वाटेल?" तिनं अंगठा पाठवला.

ती कुणालाही अंगठा पाठवत नाही.

वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "तिला आवडलं, का तुला वाटलं की तिला आवडलं?" बायकांना बायकांचं चांगलं बघवत नाही.

ठरलं. दगडी.


९ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं त्यावरून या घरात माझी किंमत काय ते कळलं.

दगडांसाठी खाणीवर जायची गरजच नव्हती. आमचं गाव भूकंपानंतर इकडं माळावर वसलं. मी जन्मलो तेच पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरात. खाली ओढ्याकाठी जुनं गावठाण आहे, तिथं आमच्या पडक्या घराचा ढिगारा आहे, त्यावर बाभळी उगवल्यात. त्या घरात आजी गेली, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ आहे. शाळेत दरवर्षी तीस सप्टेंबरला फुलं वाहायला नेत. आता तिथं शेरडं चरतात. दगड मात्र एकेक घडीव, जणू माझ्यासाठीच ठेवलेले.

दादाला पटवलं. तो कुरकुरत होता, "अण्णांला इचारलं का?" मी म्हणलं, दगडाला काय इचारायचं? ट्रॉली भरून आणली. बागेच्या वाटेवर अण्णा पाण्याची दारं धरत होते. ट्रॉलीत काय आहे ते त्यांनी बघितलं आणि हातातलं खोरं टाकून ट्रॅक्टरच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. दादानं ब्रेक दाबला नसता तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

"कुठले?"

दादा खाली बघायला लागला. मी म्हणलं, "आपल्याच घराचे. फुकट पडलेत."

"माघारी न्हे."

"कामून?"

"माघारी न्हे."

"बरं, खाणीतले आणतो."

"दगुडच न्हाई. बागंत दगडाची भिंत हुनार न्हाई."

"कारण तरी सांगा! का मी कॉलेज सोडलं त्याचा राग काढायलाव?"

अण्णांचे ओठ हलले. मला वाटलं आता शिवी येणार, आणि खरं सांगतो, आली असती तर बरं वाटलं असतं. पण ते वळले आणि पाणी तसंच वाहतं सोडून निघून गेले. वाफे तुडुंब भरून पाणी वाटेवर आलं. पाण्याचा थेंब वाया घालवू न देणारा माणूस.

दादानं ट्रॅक्टर वळवला. एकेक दगड जिथल्या तिथं रचून आला. जिथल्या तिथं! ढिगाऱ्यात कसला आलाय क्रम?


१० जानेवारी, शुक्रवार

मी जेवलो नाही. अण्णा पण जेवले नाहीत म्हणे. माझी बरोबरी करतात.

दुपारी केवळा आत्या आली. अण्णांची थोरली बहीण, गावातच असते. उंबऱ्यावर बसून तिनं मला आधी पाणी मागितलं, मग शिव्या दिल्या.

"काय रं मुडद्या, माझ्या भावाला दगुड दावतूस?"

"आत्या, सगळ्या जगात दगडाची घरं असतात."

"असतेत. माझ्या पोटच्या पोराला बी म्या दगडाचं बांधू दिलं न्हाई. लगीन झालेल्या पोराला! तू तर बिनलग्नाचं लेकरू."

"पण कारण काय?"

ती बोटांकडं बघत बसली. म्हणाली, "त्याला इचार."

"त्यांला इचारलं."

"मग पुन्यांदा इचार. जरा गोड इचार. तुझं इचारनं म्हंजी दार फोडल्यावानी."

गोड कसं विचारायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणलं, खोली बांधायचीच सोडून देतो, घरच सोडतो, हैदराबादला जातो. आत्या म्हणाली, "जा. पर आदी भाकर खा."


१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

नरसिंग मामा देवणीहून सहज आला. योगायोगानं टेम्पोत पत्रे पण होते. एका शाळेची शेड उतरवली त्यातले, म्हणाला, घरी ठेवायला जागा नव्हती. मी म्हणलं, मामा, बरं झालं आलास. आई चुलीकडं तोंड करून तीळ भाजत होती, तिच्याकडं बघून मामा म्हणाला, "व्हय, लईच बरं झालं."

जेवताना मामानंच विषय काढला. "भाच्या, तुला खोली पायजे का दगुड पायजे?"

"खोली."

"मग कूड करू. तुरीच्या तुराट्या तर ढिगानं पडल्यात. मेढी रोवायच्या, आडव्या कांबी, मधी तुराट्या इनायच्या, वरनं मातीचा गारा लिंपायचा. वर पत्रा. उनाळ्यात गार, आन तुझ्या पावन्यांला बी आवडंल."

पाहुण्यांचं याला कुणी सांगितलं?

मी अण्णांकडं बघितलं. ते तिळाची पोळी मोडत होते. "कुडाला माझं काय म्हननं न्हाई," म्हणाले. मग थोड्या वेळानं, पोळीकडंच बघत, "मेढीला बाभळीचं लाकूड घ्या. कडुलिंब नको."

सुकन्याला तिळगूळ पाठवला, फोटोतला. "तुलाही. छान अभ्यास कर," असं उत्तर आलं. मी कॉलेज सोडलंय हे ती बहुतेक दुःखानं विसरते.


१९ जानेवारी, रविवार

मेढी उभ्या राहिल्या. आज बागेत नुसता बाजार भरला होता. दादा खड्डे खणत होता, मामा तुराट्या विणता विणता भाषण करत होता, आई आणि वहिनी गाऱ्यात शेण आणि भुस्कट तुडवत होत्या. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. आपापल्या कामाला आल्यासारखे आले.

कूड लिंपायची एक पद्धत आहे. दोन माणसं लागतात. एक आत, एक बाहेर. मध्ये तुराट्या, एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी गारा दाबायचा. आतला आणि बाहेरचा गारा काड्यांच्या मधून एकमेकांना भिडला पाहिजे, तरच धरतो. एकाच बाजूनं लावला की वाळल्यावर खपली निघते.

उगवतीची भिंत अण्णांनी आणि आत्यानं धरली. आत आत्या, बाहेर अण्णा. दोघांचं आधीच कसं जमलेलं असतं कुणास ठाऊक. मामा आणि दादानं मावळतीची घेतली. मामाची बाजू फुगलेली, दादाची खोल. वहिनी म्हणाली, "ही भिंत जेवून बसलीय." मागची आई आणि वहिनीची.

रस्त्याकडची राहिली. खिडकी तिच्यात आहे. येणाऱ्याला पहिली तीच दिसते. मामा म्हणाला, "भाच्या, शीर आत, मी भाईरनं दाबतो." मी म्हणलं, ही कुणी हात लावायची नाही. ही माझी.

"एकट्याची व्हत नस्ती रं."

"करून दाखवतो."

अण्णा हात धूत होते. त्यांनी मामाला नुसती मान हलवली, राहू दे म्हणून.


२२ जानेवारी, बुधवार

केली. आधी आतून सगळी लिंपली, मग पळत जाऊन बाहेरून. पुन्हा आत. हात सोलले, पण केली. फोटो पाठवला. "वा," आलं.


२४ जानेवारी, शुक्रवार

पडली. सगळी नाही, खिडकीखालची मोठी खपली निघाली. मी परत लावली.


२५ जानेवारी, शनिवार

दुसऱ्या बाजूची निघाली. लावली. वहिनी म्हणते, "भाऊजी, दोघांचं काम एकट्यानं केल्यावर असंच व्हतंय." ती भिंतीबद्दल बोलत होती का, मला शंका आहे.


२८ जानेवारी, मंगळवार

येणार आहे! हुरडा खायला ये म्हणून चार मेसेज केले होते. आज आला, "९ तारखेला ऋतुजा आणि मी येतो. घरचे सगळे असतील ना? मला बोलायचंय."

मला बोलायचंय. घरचे सगळे असतील ना.

ऋतुजा तिची मैत्रीण, नुसती सोबतीला. ज्याला समजायचं त्याला समजेल. मी संध्याकाळी ज्वारीतून पळत सुटलो. दादा बांधावरून ओरडला, "डुक्कर लागलं का मागं?"


२ फेब्रुवारी, रविवार

पत्रे चढले. मामा पुन्हा सहज आला होता. वर बसून सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता पाऊस आला तरी बोलायचं काम न्हाई, कुनाचं कुनाला ऐकूच येनार न्हाई. नव्या नवरा-बायकूला असंच घर पायजे." आई म्हणाली, "नरसू, खाली उतर गुमान."

मी पाणी आणायला गेलो तेव्हा आई आणि अण्णा विहिरीजवळ बोलत होते. आई म्हणाली, "ती आली आन न्हाई म्हनली तर?" अण्णा म्हणाले, "म्हनंल तर म्हनंल. तवर लेकरू दोन टाइम जेवतंय ना."

या लोकांचा माझ्यावर विश्वासच नाही. बाकी, मी दोन वेळा जेवतो यात बोलण्यासारखं काय आहे?

दार बसवलं. उंबऱ्याला आत्यानं हळद लावली.


८ फेब्रुवारी, शनिवार

खिडकीला वहिनीची जुनी साडी फाडून पडदा केला. रस्त्याकडच्या भिंतीची आज पुन्हा खपली निघाली, मी ओला गारा थापून वरून हात फिरवला. उद्यापुरती राहिली तरी पुरे.


९ फेब्रुवारी, रविवार

आज लिहीत नाही.


११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहितो. नाहीतर डोकं फुटेल.

परवा दादानं दोघींना फाट्यावरून आणलं. सुकन्या बारीक झालीय. आगटीजवळ बसून हुरडा खाल्ला, आईशी बोलली, आत्यानं तिला विचारलं, "बाई, तुमच्याकडं नांदेडला हुरड्याला चटनी कशाची?" ती हसली. मला वाटलं, झालंच सगळं.

मग मी तिला खोली दाखवायला नेलं. ऋतुजा दारातच थांबली. सुकन्या आत आली, चारी बाजूंनी बघितलं, उगवतीच्या भिंतीवरून हात फिरवला.

"कुणी केलं हे सगळं?"

"मी," म्हणलं. मग म्हणलं, "घरच्यांनी थोडी मदत केली. तू म्हणाली होतीस ना, इथंच राहावं वाटतं."

ती गोंधळली. खरंच गोंधळली. "कधी?"

"मागच्या येळवशीला. कोपीत."

"सत्यम," ती म्हणाली, "येळवशीला शेतात गेलं की सगळेच असं म्हणतात. माझे पप्पा दरवर्षी म्हणतात आणि चारला घरी येऊन टीव्ही लावतात."

मी काहीतरी बोललो. मोठ्यानं. ऋतुजा आत आली. सुकन्यानं तिला हातानं थांबवलं आणि मला म्हणाली, "ओरडू नकोस. हेच बोलायला आलेय. तू मारलंस त्याला. मी सांगितलं होतं का? मारून तू निघून आलास, मी तिथंच आहे, रोज त्याच कॅन्टीनमध्ये. भांडण तुझं, नाव माझं झालं. पप्पा महिनाभर कॉलेजला पाठवत नव्हते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. घरी आहे, अभ्यास आहे, सॉरी. अजून कसं सांगायचं? स्पष्ट बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी लातूरला येऊन तमाशा केला असतास. म्हणून तुझ्या घरच्यांसमोर आले."

मी म्हणलं, "जा मग."

ती गेली नाही. जाऊन आईच्या हातचा चहा प्यायली. वहिनीनं तिला बोरं बांधून दिली. आत्यानं डोक्यावरून हात फिरवला. माझ्या घरच्यांनी! मी बागेच्या टोकाला उभा राहून बघत होतो, एकानंही तिला तोंडावर काही सुनावलं नाही.

दादा त्यांना सोडायला गेला आणि मी पहार उचलली.

आई ओरडली. मामा, तोही परवा सहज आलेला, "भाच्या, भाच्या" करत मध्ये आला, त्याला मी ढकललं. खोलीसमोर अण्णा उभे होते. बाजूला झाले नाहीत, पहारीला हातही घातला नाही.

"पाड," म्हणाले.

मला हे अपेक्षित नव्हतं.

"पाड की. पर ही उगवतीची केवळाची हाय. तिच्या सांध्यात वात हाय, तरी दिवसभर उकिडवी बसली. तिला हात लावायचा न्हाई. ती तुझ्या मामाची. मागची तुझ्या मायची. तुझी कोनची?"

मी रस्त्याकडच्या भिंतीवर पहार घातली.

गारा ढपल्या-ढपल्यानं खाली आला. पण कूड पडेना. तुराट्या वाकायच्या आणि परत यायच्या. पहार आत शिरायची आणि अडकायची, मी उपसायचो आणि पुन्हा घालायचो. वर मामाचे पत्रे वाजायचे. खिडकीचा पडदा गळून पडला. रडत होतो का? होतो.

शेवटी हात उचलेना. भिंत उघडी पडली, नुसता काड्यांचा सांगाडा. पण उभी.

अण्णा म्हणाले, "झालं? चल. आंघुळ कर."


१२ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर निजलो. वहिनी ताट ठेवून गेली. "भाऊजी, पोरगी खरी हाय. दुसरी असती तर आलीच नसती," एवढंच बोलली. मी भिंतीकडं तोंड केलं. सुकन्याला लांबलचक मेसेज लिहिला. त्यात तीच ती वाक्यं होती, मी असं केलं, मी तसं केलं. वाचून बघितला. त्यात ती कुठंच नव्हती. पाठवला नाही.

नाव माझं झालं. हे डोक्यातून जात नाही.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बागेत गेलो तर अण्णा गारा तुडवत होते. एकटेच. मी पण पाय धुतले आणि शिरलो. गारा थंडगार होता. बराच वेळ दोघं गोल फिरून तुडवत राहिलो.

मग अण्णा म्हणाले, "तू आत जा."

मी आत गेलो, ते बाहेर. गारा उडू नये म्हणून त्यांनी खिडकीला बाहेरून फळी लावली. खालून सुरुवात केली. पहिल्यांदा माझा गारा त्यांच्या बाजूला निघून पडायचा, त्यांचा माझ्या. "दाबायच्या आदी सांगत जा," ते म्हणाले. मग मी म्हणायचो, "आता." काड्यांच्या पलीकडून त्यांचा तळवा लागायचा. बसायला लागला.

कमरेएवढी भिंत झाली तेव्हा मी विचारलं. गोड विचारलं का माहीत नाही, पण हळू विचारलं. "अण्णा, दगड कामून नको म्हणले होते?"

पलीकडचा हात थांबला. मला वाटलं, आता खोरं टाकून जातील. पण त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, मला त्यांचं. कदाचित म्हणूनच.

"बारा वर्साचा होतो," ते म्हणाले. "माळवद खाली आलं. मी भिताडाच्या ह्या अंगाला, माय त्या अंगाला. मधी दगुड. आता म्हन की."

"आता," मी म्हणलं. दाबलं.

"ती बोलत होती. शेषू, हाईस का, म्हनायची. मी म्हनायचो, हाय. उजाडलं तरी इचारतच होती. केवळा वरनं दगुड उचलायची. सोळा वर्साची पोरगी, तिची नखं निघाली, पर दगुड हालंना. आता."

"आता."

"तिचा आवाज ह्यो असा हाय ना आपला, एवढ्याच अंतरावरनं यायचा. मग म्या हाय म्हनलो, आन तिकडनं पुन्यांदा इचारलंच न्हाई."

मी गारा घेतला होता हातात. तो तसाच राहिला.

"म्हनून म्हनलो," अण्णा म्हणाले, "भिंत अशी पायजे, की पडली तर लेकराला हातानं सारता आली पायजे. दगडाचा राग न्हाई मला. तुज्या कालेजचा बी न्हाई. घे, वाळंल ते."

वर वर जात गेलो. ज्या ढिगाऱ्यातून मी हसत हसत ट्रॉली भरली, तो सारखा डोळ्यांपुढं येत होता. मी फक्त "आता" म्हणत राहिलो, ते दाबत राहिले. सुकन्यालाही मी कधी "आता" म्हणलो नाही, नुसता दाबत गेलो, असं मध्येच वाटून गेलं. ते लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो.

पत्र्याखाली वीतभर फट राहिली. तिच्यातून त्यांच्या बोटांचा उजेड-अंधार दिसत होता. मी गारा भरायला लागलो तसा त्यांच्या श्वासाचा आवाज बारीक होत गेला. मग फट बुजली आणि आत एकदम शांत झालं. गाऱ्याचा ओला वास, मी, आणि बाकी काही नाही.

दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून मी हाक मारली.

"अण्णा, हाव का?"

आवाज लांबून आल्यासारखा आला, पण लगेच आला.

"हाय. दाब तू."